अर्भकाची घरघर : प्रत्येक वेळी कफ नव्हे

दोन महिन्यांचे बालक ‘छातीत कफ आहे’ म्हणून आणले जाते आणि वैद्याचा हात सवयीने सितोपलादि चूर्णाकडे जातो. माझाही गेला होता. वस्तुतः त्या बालकास ज्वर नव्हता, कासही नव्हता. आवाज श्वास आत घेतानाच येई, स्तनपानाच्या वेळी व उताणे निजविल्यावर वाढे. दुर्बिणीने पाहता स्वरयंत्राची जन्मजात शिथिलता, म्हणजे लॅरिंगोमलेशिया, आढळली. ती बहुधा दीड-दोन वर्षांत आपोआप शमते.

श्वास सोडतानाही आवाज येत असेल, तर मात्र स्वररज्जूंखालील मार्गाच्या जन्मजात संकोचाची शंका घ्यावी. तेथील कूर्चेचे कडे पूर्ण असल्याने शोथ बाहेर पसरू शकत नाही. ४ मिमी व्यासाच्या मार्गास सर्व बाजूंनी १ मिमी शोथ आला, तरी क्षेत्रफळ एकचतुर्थांशच उरते. साधा प्रतिश्यायही जिवावर बेततो. वारंवार ‘क्रूप’ होणाऱ्या बालकातही हा संकोच शोधावा.

वजन न वाढणे, बरगड्यांखाली खळगे पडणे, ओठ निळसर होणे, श्वास थांबणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास चाटण देत वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे. (मधाचे चाटण तर बोट्युलिझमच्या धोक्यामुळे पहिल्या वर्षात देऊच नये.)

वरील बालकास मी पुढे औषध दिले नाही. दर पंधरवड्यास वजन तेवढे केले. विसाव्या महिन्यात घरघर थांबली.