पुढच्या वर्षी पाहू!

क्रिकेटचे वेड जसे आपल्याकडील लहानथोरांना आहे, तसेच बेसबॉलचे वेड अमेरिकेतील लोकांना आहे. तेथे या खेळाचे कितीतरी नामांकित संघ आहेत. त्यांपैकी काहींच्या विजयांची यादी फार मोठी आहे. परंतु ज्या एका संघाच्या गोष्टी तेथील वडीलधारी माणसे आपल्या नातवंडांना मोठ्या जिव्हाळ्याने सांगत आली, तो संघ कित्येक वर्षे अगदी शेवटच्या क्षणी हरत असे. त्या संघाचे नाव ‘ब्रुकलिन डॉजर्स’. हरणाऱ्या संघावर लोकांनी एवढे प्रेम का करावे, असे तुम्हांस वाटेल. त्याचे उत्तर या गोष्टींतच दडलेले आहे.

ब्रुकलिन हा आज न्यूयॉर्क शहराचा एक भाग आहे. परंतु 1898 सालापर्यंत ते एक स्वतंत्र शहर होते. आयर्लंड, इटली, पूर्व युरोप अशा दूरदूरच्या देशांतून पोटासाठी आलेली कष्टाळू माणसे तेथे दाटीवाटीने राहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रस्त्यांवरून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. त्या गाड्यांना तेथे ‘ट्रॉली’ म्हणत. रस्ता ओलांडताना या गाड्यांना चुकवीत लोकांना उड्या मारीत पळावे लागे. तेव्हा बाहेरचे लोक ब्रुकलिनकरांना थट्टेने ‘ट्रॉली डॉजर्स’, म्हणजे ट्राम चुकविणारे, असे म्हणू लागले. पुढे तेच नाव तेथील संघाला चिकटले. थट्टेतून मिळालेले हे नाव ब्रुकलिनकरांनी मात्र अभिमानाने मिरविले.

पुढील गोष्टी समजण्यासाठी बेसबॉलची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. या खेळात प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात. मैदानात शंकरपाळ्याच्या आकाराची एक आकृती आखलेली असते. तिच्या चार कोपऱ्यांना चार ‘बेस’, म्हणजे ठाणी असतात. फलंदाज पहिल्या कोपऱ्यात, म्हणजे ‘घरी’ उभा असतो. चेंडू टोलवून तो एकामागून एक तिन्ही ठाण्यांना स्पर्श करीत पुन्हा घरी परतला, की एक धाव होते. ही फेरी त्याने एका दमातच पुरी केली पाहिजे असे नाही. वाटेतील ठाण्यावर थांबून तो पुढच्या फलंदाजाच्या टोल्याची वाट पाहू शकतो. मात्र एका ठाण्यावर एका वेळी एकाच खेळाडूला थांबता येते. हा नियम ध्यानात ठेवा.

डॉजर्सचे मैदान ‘एबेट्स फील्ड’ या नावाने प्रसिद्ध होते. संघाचे मालक चार्ल्स एबेट्स यांनी जमिनीचे लहानलहान तुकडे गुपचूप विकत घेतले आणि पूर्वी जेथे केरकचरा टाकीत, तेथे 1913 साली हे मैदान उभे केले. तेथे सुमारे बत्तीस हजार माणसे बसत. प्रेक्षक खेळाडूंच्या इतक्या जवळ असत, की एकमेकांचे बोलणेही ऐकू येई. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गाईच्या गळ्यातली मोठी घंटा घेऊन येई आणि ती वाजवून मैदान दणाणून सोडी. काही हौशी लोकांनी तर आपला वाजंत्र्यांचा ताफाच तयार केला होता. मैदानाच्या भिंतीवर एब स्टार्क या कपडेविक्रेत्याची पाटी होती. जो फलंदाज थेट या पाटीवर चेंडू मारील, त्याला एक सूट बक्षीस मिळेल, असे तिच्यावर लिहिलेले असे. परंतु पाटी होती खाली आणि तिच्यासमोर क्षेत्ररक्षक उभा! त्यामुळे स्टार्कसाहेबांना फारसे सूट द्यावे लागले नाहीत.

या संघाच्या फजितीच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. 15 ऑगस्ट 1926 रोजी बेब हर्मन या डॉजर्सच्या फलंदाजाने एक जोरदार टोला हाणला. त्या वेळी तिन्ही ठाण्यांवर त्याचेच साथीदार उभे होते. तिसऱ्या ठाण्यावरचा खेळाडू सहज घरी पोहोचला आणि एक धाव झाली. दुसऱ्या ठाण्यावरचा डॅझी व्हॅन्स तिसरे ठाणे ओलांडून पुढे गेला. पण घरी पोहोचणे अवघड आहे असे वाटून तो मागे फिरला. इतक्यात त्याच्यामागून धावणारा चिक फ्यूस्टर तिसऱ्या ठाण्याजवळ येऊन ठेपला. आणि मान खाली घालून वाऱ्याच्या वेगाने पळत सुटलेला हर्मनही तेथेच येऊन धडकला! एकाच्या जागी तिघे! नियमाप्रमाणे व्हॅन्स तेवढा वाचला, उरलेले दोघे बाद झाले. पुढे ब्रुकलिनमध्ये एक विनोद प्रचलित झाला. कुणी सांगावे, “डॉजर्सचे तीन गडी ठाण्यावर आहेत,” की दुसऱ्याने विचारावे, “कोणत्या ठाण्यावर?”

अशा या संघाला लोक लाडाने ‘आपले भणंग’ म्हणत. घरच्या उनाड मुलाला आई जशी रागावते, पण परक्याने त्याला बोल लावलेला मात्र तिला खपत नाही, तसेच हे प्रेम होते.

पुढे संघ सुधारला. परंतु त्याच्या नशिबी आणखी दुःख होते. अमेरिकेतील दोन प्रमुख गटांचे विजेते दरवर्षी ‘वर्ल्ड सिरीज’ या मालिकेत परस्परांशी झुंजतात. जो आधी चार सामने जिंकेल, तो विजेता. डॉजर्स 1916 व 1920 साली या मालिकेत हरले. 1941 साली त्यांची गाठ न्यूयॉर्कच्याच ‘यँकीज’ या बलाढ्य संघाशी पडली. चौथ्या सामन्यात डॉजर्स 4–3 असे पुढे होते आणि यँकीजचा शेवटचा फलंदाज तेवढा बाद व्हायचा उरला होता. चेंडू मारण्याचा फलंदाजाचा प्रयत्न तिसऱ्यांदा हुकला, की तो बाद होतो. येथेही तसेच झाले. फलंदाजाचा फटका हुकला आणि सामना जिंकल्यासारखाच होता. परंतु तो तिसरा चेंडू मागे बसलेल्या खेळाडूने पकडला नाही, तर फलंदाजाला पहिल्या ठाण्याकडे पळण्याची मुभा असते. डॉजर्सच्या मिकी ओवेनच्या हातून नेमका तोच चेंडू निसटला! फलंदाज पळाला, यँकीजने धावांवर धावा केल्या आणि सामना 7–4 असा जिंकला. मालिकाही त्यांनीच जिंकली. त्यानंतर 1947, 1949, 1952 आणि 1953 या चारही मालिकांत यँकीजनेच डॉजर्सना हरविले. दर वेळी ब्रुकलिनकर डोळे पुसून एकच वाक्य म्हणत : “पुढच्या वर्षी पाहू!”

परंतु या पराभवांच्या काळातच या संघाने एक असे कार्य केले, की ज्याच्यापुढे कोणताही चषक फिका पडावा.

अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांना त्या काळी फार अन्याय सोसावा लागत असे. देशाच्या अनेक भागांत त्यांच्या शाळा वेगळ्या, गाड्यांतील जागा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी. बेसबॉलच्या मोठ्या संघांत तर साठ वर्षांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. तसा कायदा लिहिलेला नव्हता. परंतु सर्व मालकांनी दार बंद ठेवले होते. ते दार उघडण्याचे डॉजर्सचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी ठरविले. त्यांनी जॅकी रॉबिन्सन या तरुणाची निवड केली. जॅकी चार खेळांत प्रवीण होता. तो स्वभावाने मानी होता. सैन्यात असताना बसमध्ये मागच्या जागेवर जाऊन बसण्यास त्याने नकार दिला होता. त्याबद्दल त्याच्यावर खटलाही झाला होता आणि तो निर्दोष सुटला होता.

28 ऑगस्ट 1945 रोजी रिकी यांनी जॅकीला आपल्या कचेरीत बोलाविले. लोक तुला कोणकोणत्या शिव्या देतील, कसा अपमान करतील, हे त्यांनी त्याला स्वतः नक्कल करून दाखविले. हाती बळ असूनही उलट हात न उगारण्याचे धैर्य तुझ्यात आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. जॅकी एकदाही चिडून धावून गेला असता, तर हे लोक खेळण्यास लायक नाहीत, असे म्हणण्यास विरोधक टपलेलेच होते. आणि मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या शेकडो खेळाडूंसाठी ते दार पुन्हा बंद झाले असते. जॅकीने विचार करून होकार दिला.

15 एप्रिल 1947 रोजी पाठीवर 42 हा आकडा असलेला सदरा घालून जॅकी एबेट्स फील्डवर उतरला. पुढचे दिवस खडतर होते. त्याला धमकीची पत्रे येत. फलंदाजी करताना चेंडू मुद्दाम त्याच्या अंगावर फेकले जात. फिलाडेल्फियाच्या संघाने तर त्याच्यावर अत्यंत हीन शब्दांचा भडिमार केला. (त्याबद्दल त्या शहराच्या नगरपरिषदेने 2016 साली रीतसर क्षमा मागितली.) त्याच्या स्वतःच्या संघातील काही खेळाडूंनीसुद्धा त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. परंतु पी वी रीस या मान्यवर खेळाडूने त्या अर्जावर सही करण्यास साफ नकार दिला. रीस हा दक्षिणेकडील केंटकी राज्यातला, म्हणजे जेथे वर्णभेद रूढच होता अशा मुलखातला. तरीही प्रेक्षक जॅकीची निर्भर्त्सना करीत असता रीसने भर मैदानात त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या प्रसंगाची साक्ष देणारा दोघांचा पुतळा 2005 सालापासून ब्रुकलिनमध्ये उभा आहे.

जॅकीने अपमानाला उत्तर दिले ते खेळाने. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला आणि 1949 साली आपल्या गटातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. त्याच्यामागोमाग अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंना निरनिराळ्या संघांत स्थान मिळाले.

अखेर ते ‘पुढचे वर्ष’ 1955 साली उगवले. डॉजर्स व यँकीज यांनी प्रत्येकी तीन सामने जिंकले होते. 4 ऑक्टोबर रोजी निर्णायक सातवा सामना झाला. डॉजर्सतर्फे चेंडू फेकीत होता अवघा तेवीस वर्षांचा जॉनी पॉड्रेस. डॉजर्स 2–0 असे पुढे होते. सहाव्या डावात यँकीजचे दोन गडी ठाण्यांवर असताना योगी बेराने डाव्या कोपऱ्याकडे चेंडू उंच टोलविला. प्रेक्षकांचे श्वास रोखले गेले. क्यूबा देशातून आलेला कृष्णवर्णीय खेळाडू सँडी अमोरोस त्याच डावात मैदानावर उतरला होता. तो जिवाच्या आकांताने धावला आणि हात पुढे करून त्याने तो चेंडू अलगद झेलला! आठ वर्षांपूर्वी ते दार उघडले नसते, तर अमोरोस त्या कोपऱ्यात असता काय? झेल घेताच त्याने चेंडू रीसकडे फेकला, रीसने तो पहिल्या ठाण्याकडे फेकला आणि आणखी एक गडी बाद झाला. यँकीजना अखेरपर्यंत एकही धाव मिळाली नाही. पाचही पराभव सोसलेल्या रीसनेच शेवटचा चेंडू अडवून पहिल्या ठाण्याकडे फेकला आणि ब्रुकलिनच्या गल्लीगल्लीत आनंदाला पूर आला.

हे सुख फार काळ टिकले नाही. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान हवे होते. परंतु जागेविषयी शहराच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. 1957 साली त्यांनी संघ दूर पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरी नेण्याचे ठरविले. 24 सप्टेंबर रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. तो पाहण्यास सात हजार माणसेही नव्हती. 1960 साली मैदान पाडण्यात आले आणि तेथे उंच राहत्या इमारती उभ्या राहिल्या. डॉजर्स आजही लॉस एंजेलिस येथे खेळतात व जिंकतातही. परंतु ब्रुकलिनच्या वाट्याला तो एकच विजय आला.

मैदान गेले, संघ गेला. मग उरले काय? 1997 साली सर्व मोठ्या संघांनी मिळून 42 हा आकडा जॅकीच्या सन्मानार्थ राखून ठेवला. आता तो आकडा कोणत्याही नव्या खेळाडूला मिळत नाही. मात्र दरवर्षी 15 एप्रिल रोजी प्रत्येक संघातील प्रत्येक खेळाडू, मग तो कोणत्याही वर्णाचा वा देशाचा असो, पाठीवर 42 हाच आकडा लावून मैदानात उतरतो.

‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून ब्रुकलिनकरांनी विजयाची वाट पाहिली. तेच शब्द मनाशी म्हणत जॅकीच्या बांधवांनी न्यायाची वाट पाहिली होती. परंतु नुसती वाट पाहून पुढचे वर्ष उजाडत नाही. कुणीतरी दार उघडावे लागते, कुणीतरी अपमान गिळून आत पाऊल टाकावे लागते, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा एखादा सोबतीही लागतो. म्हणूनच एकदाच जिंकलेल्या या संघाची आठवण लोक आजही काढतात.