मंडप कोणाचा?

ज्या प्रश्नाशी राजकारणाचा संबंध नाही असे राजकारणी पुरुष बजावून सांगतात, नेमक्या त्याच प्रश्नावर पुष्कळदा पक्ष फुटतात. अमेरिकेत गुलामगिरीच्या वादापायी व्हिग पक्ष नामशेष झाला आणि १८६० साली डेमोक्रॅटिक पक्षाने उत्तरेचा एक व दक्षिणेचा एक असे दोन उमेदवार उभे केले. त्या दुफळीतच लिंकन निवडून आले. आपल्याकडे यादवी युद्ध झाले नाही. परंतु १८९५ च्या डिसेंबरात पुण्यास काँग्रेसच्या मंडपावरून जो कलह माजला, तो याच जातीचा होता.

न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषद १८८७ पासून काँग्रेसचे अधिवेशन आटोपले की त्याच मंडपात भरत असे. विधवांचे दुःख, बालविवाह हे तिचे विषय. पुढे कलकत्त्यास फुलमणी नावाची अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली, आणि संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ साली झाला. टिळकांनी त्यास कडाडून विरोध केला. ते बालविवाहाचे कैवारी होते असे मात्र समजू नये. मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी करू नये, असे बंधन सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, ही सूचना त्यांचीच. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. आगरकरांचे उत्तर सरळ होते: समाज स्वतः सुधारत नसेल, तर त्या मुलींनी वाट तरी किती पाहावी? मला हे उत्तर आजही बिनतोड वाटते.

१८९५ च्या जूनमध्ये आगरकर वारले. जुलैत सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली. काँग्रेसचा मंडप सामाजिक परिषदेला देऊ नये, असा आग्रह सुरू झाला. मंडप जाळण्याची भाषाही ऐकू येऊ लागली. रानड्यांपुढे दोनच वाटा होत्या: हक्क सांगून काँग्रेस फोडावी, की माघार घ्यावी. त्यांनी माघार घेतली व परिषद अन्यत्र भरविली. अधिवेशन सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली निर्विघ्न पार पडले. पुढील वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा स्थापिली.

काँग्रेस तेव्हा वाचली. ती सुरतेस १९०७ साली, निराळ्या वादावर, फुटली. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा मात्र बाराच्या पुढे सरकण्यास १९२५ साल उजाडावे लागले.