हॅरिएट टबमनचे खाजण

चेसापीक उपसागराने अमेरिकेतील मेरिलँड राज्याचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला बाल्टिमोर, अॅनापोलिस आणि वॉशिंग्टनची उपनगरे आहेत. पूर्वेला मक्याची शेते, पाइनची राने आणि भरतीच्या मचूळ पाण्याने भिजणारी खाजणे आहेत. या पूर्व किनाऱ्यावरच्या डॉर्चेस्टर काउंटीत १८२२ च्या सुमारास अॅरामिंटा रॉस नावाची मुलगी गुलाम म्हणून जन्माला आली. घरचे तिला मिंटी म्हणत. जगाने तिला हॅरिएट टबमन म्हणून ओळखले. १८४९ मध्ये ती उत्तरेला पळून गेली आणि स्वतंत्र झाली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे १३ वेळा जीव धोक्यात घालून ती याच मुलखात परतली आणि जवळपास ७० माणसांना तिने गुलामगिरीतून बाहेर काढले.

तिच्या बालपणाच्या परिसराचा मोठा भाग आज ब्लॅकवॉटर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात येतो. त्यामुळे येथील एक दिवसाच्या सहलीत पक्षी आणि इतिहास यांना वेगवेगळे काढता येत नाही. सहल सुरू होते ती चॉपटँक नदीकाठच्या केंब्रिज या गावातून. वॉशिंग्टनहून उपसागरावरचा लांबलचक पूल ओलांडून गाडीने येथे यायला साधारण दोन तास लागतात. जाणता वाटाड्या भल्या पहाटे निघतो आणि आधी खाजण दाखवतो.

खाजण हा शब्द कोकण-गोव्याच्या वाचकाला परका नाही, पण ब्लॅकवॉटरचे खाजण कांदळवनाचे नाही. येथे थंडीत पाणी गोठते, म्हणून कांदळ तग धरत नाही. नजर पोहोचेल तिथवर कमरेइतके गवत आणि लव्हाळे, मधूनमधून उघडे पाणी आणि कडेला उंच लॉबलॉली पाइन, असे त्याचे रूप आहे. आश्रयस्थानाची स्थापना १९३३ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांसाठी झाली आणि आजचे त्याचे क्षेत्र २८ हजार एकरांहून अधिक आहे. आतून जाणारा सुमारे ६ किलोमीटरचा वाहनमार्ग सकाळच्या दोन तासांत सावकाश पाहून होतो. घाई करणाऱ्याला येथे फक्त गवत दिसते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे येथील सर्वांत श्रीमंत दिवस. उत्तरेकडून कॅनडा हंस, शुभ्र हिमहंस, टुंड्रा स्वान आणि बदकांच्या अनेक जाती हजारोंच्या संख्येने उतरतात आणि त्यांचा कलकलाट दूरवर ऐकू येतो. पाइनच्या शेंड्यांवर पांढऱ्या डोक्याचे बाल्ड ईगल बसलेले असतात. फ्लॉरिडाच्या उत्तरेला अमेरिकेच्या सबंध पूर्व किनाऱ्यावर या गरुडाची इतकी दाट वीण दुसरीकडे होत नाही. मार्चमध्ये ऑस्प्रे येतात. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर मासे मारताना दिसतो तोच हा पक्षी, फक्त येथे तो घरटे बांधायला येतो. ग्रेट ब्लू हेरॉन हा आपल्या राखी बगळ्याचा थोराड भाऊबंद, तो मात्र बारमाही. उन्हाळ्यात जाणाऱ्याने डास आणि चावऱ्या माश्यांची तयारी ठेवूनच जावे.

रानाच्या कडेला डेलमार्व्हा फॉक्स स्क्विरल ही रुपेरी-करड्या रंगाची मोठी खार दिसू शकते. शेकरू सहसा झाडावरून खाली उतरत नाही. ही खार मात्र धोका दिसला की अनेकदा जमिनीवरूनच पळते. जुने वृक्ष तोडले गेले तशी ती विरळ झाली. १९६७ मध्ये अमेरिकेने संकटग्रस्त प्राण्यांची पहिली यादी केली तिच्यात तिचे नाव होते. २०१५ मध्ये ते काढण्याइतकी तिची संख्या सावरली.

पण या सहलीचे दोन धागे जिथे पहिल्यांदा एकत्र येतात तो प्राणी आहे मस्करॅट. पाणथळीत राहणारा, दाट तपकिरी फरचा, घुशीपेक्षा मोठा असा हा कुरतडणारा प्राणी गवताचे ढीग रचून घर करतो. त्याच्या फरसाठी येथे पिढ्यान्पिढ्या सापळे लावले गेले आणि आश्रयस्थान होण्यापूर्वी या जमिनीवर मस्करॅटचीच फर-शेती होती. मिंटी सहा-सात वर्षांची असताना मालकाने तिला जेम्स कुक नावाच्या शेतकऱ्याकडे भाड्याने दिले. कुकने तिला मस्करॅटचे सापळे तपासायला गारठलेल्या पाण्यात उतरवले. अंगात गोवर होता तरी तिला पाण्यात जावे लागले. ती कोसळली तेव्हा तिला आईकडे परत धाडण्यात आले, बरी झाल्यावर पुन्हा कामाला जुंपण्यासाठी. वाहनमार्गावर गवताच्या त्या ढिगांपाशी उभे राहून ही हकिकत ऐकली की खाजणाकडे निव्वळ देखावा म्हणून बघणे शक्य होत नाही.

हॅरिएटच्या रानज्ञानाचे कौतुक पुष्कळ होते आणि ते रास्तच आहे. कुठला ओहोळ उतरता येतो, कुठे पाय रुततो, ध्रुवतारा झाकला गेला तर दिशा कशी ओळखायची, हे तिला ठाऊक होते. रात्रीच्या रानात घुबडाच्या आवाजाने ती सोबत्यांना इशारा देत असे, असे सांगतात. तेथील वनरक्षकांच्या मते तो याच रानातल्या बार्ड आउल या घुबडाचा आवाज असावा. मात्र हे ज्ञान तिला हौसेने मिळालेले नव्हते. सापळ्यांच्या पाण्यात, शेतात आणि पुढे बापाबरोबर लाकूडतोडीत सक्तीने राबताना ते तिच्या अंगात मुरले. ज्या कामाने तिला पिळले त्याच कामाने तिला पळवाट शिकवली, हे या सहलीत ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आश्रयस्थानाला लागूनच हॅरिएट टबमन अंडरग्राउंड रेलरोड अभ्यागत केंद्र आहे. २०१७ मध्ये उघडलेले हे केंद्र मेरिलँड राज्याची उद्यानसेवा आणि राष्ट्रीय उद्यानसेवा मिळून चालवतात. नावातली ‘रेलरोड’ म्हणजे आगगाडी नव्हे. पळून जाणाऱ्या गुलामांना लपवणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या आणि पुढच्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या माणसांच्या गुप्त साखळीला ते नाव पडले होते. त्यात मुक्त कृष्णवर्णीय होते, क्वेकर पंथाचे गोरे होते, मालवाहू होड्यांवरचे खलाशीही होते. केंद्राच्या इमारतींची मांडणी अशी आहे की मधल्या वाटेने नजर उत्तरेला जाते.

मालकीण एलायझा ब्रोडेसने १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये दिलेली जाहिरात या इतिहासातला महत्त्वाचा कागद आहे. १७ सप्टेंबरला मिंटी आणि तिचे दोन भाऊ पळाल्याचे सांगून तिने बक्षीस लावले होते. भाऊ बिचकले, तिघेही परतले. मग काही दिवसांतच हॅरिएट एकटी निघाली. त्यामागची भीती खरी होती. तिच्या तीन बहिणी आधीच दक्षिणेकडे विकल्या गेल्या होत्या, आणि विकलेले माणूस पुन्हा दिसत नसे.

अभ्यागत केंद्रापासून पूर्वेला बकटाऊनचा चौरस्ता आहे. दुकानाची लहानशी लाकडी इमारत, आजूबाजूला सपाट शेते, इतकेच. १८३० च्या दशकात येथील दुकानात एका पळणाऱ्या गुलामाला पकडण्यासाठी मुकादमाने दोन पौंडांचे वजन फेकले. ते दारात उभ्या असलेल्या मिंटीच्या डोक्याला लागले. कवटीला झालेल्या इजेमुळे तिला आयुष्यभर अचानक गुंगी येई, स्वप्ने आणि दृष्टान्त दिसत. त्या दृष्टान्तांना ती देवाची वाणी मानत असे. पाठीमागे माणसे आणि वाटेत केव्हाही झोप घेरण्याची शक्यता, अशा स्थितीत तिने हे सारे प्रवास केले.

दुपारनंतरचा मार्ग पश्चिमेला मॅडिसनकडे जातो. रस्त्यालगत पार्सन्स क्रीकपाशी एक सरळ पाण्याची रेघ खाजणात शिरते. तो स्ट्युअर्ट कालवा. १८१० ते १८३२ या काळात गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय मजुरांनी सुमारे ११ किलोमीटर लांबीचा हा कालवा चिखलात उभे राहून खणला, तो रानातले लाकूड बाल्टिमोरच्या जहाजबांधणीपर्यंत नेण्यासाठी. खाजणाने पळणाऱ्यांना आसरा दिला, हे बोलताना या कालव्याचा विसर पडू नये. ओंडके वाहणाऱ्या होड्यांवरचे काळे खलाशी बंदरोबंदरीच्या बातम्या आणत, त्यामुळे गुलामांच्या श्रमातून झालेल्या या जलमार्गाने पुढे त्यांच्यापर्यंत उत्तरेची खबरही पोहोचवली.

हॅरिएटचे वडील बेन रॉस लाकूडतोडीतले वाकबगार कारागीर होते. मालक अँथनी थॉम्पसनच्या मृत्युपत्रानुसार १८४० मध्ये ते मुक्त झाले आणि हयातभर वापरायला त्यांना दहा एकर जमीन मिळाली. मुलांना मात्र त्याचा उपयोग नव्हता, कारण कायद्याने मूल आईच्या पायरीला बसे आणि आई रिट गुलाम होती. १८५४ च्या डिसेंबरात हॅरिएटने जेकब जॅक्सन या साक्षर, मुक्त कृष्णवर्णीय शेजाऱ्याला दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहवून पाठवले. टपाल फोडून वाचणाऱ्यांना ते धार्मिक बोलणे वाटले; जॅक्सनने आपल्यालाही काही कळत नसल्याचे सांगितले आणि तिच्या भावांना निरोप पोहोचवला. नाताळच्या दिवशी भाऊ वडिलांच्या नव्या वस्तीजवळ मक्याच्या कोठारात लपले. बेन रॉस त्यांना अन्न द्यायला गेले ते डोळ्यांवर रुमाल बांधून. मुले पाहिली का, असे कोणी विचारले असते तर त्यांना खरेच ‘नाही’ म्हणता आले असते. आईला तर कळवलेही नाही; ती रडली असती तर सगळेच उघड झाले असते.

बेन रॉस यांच्या त्या दहा एकरांचा शोध अगदी अलीकडे लागला, आणि तोही बुडत्या खाजणामुळे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि येथील जमीनही हळूहळू खचते आहे. १९३० च्या दशकापासून ब्लॅकवॉटरचे ५ हजार एकरांहून अधिक खाजण उघड्या पाण्याखाली गेले. त्यात १९४३ मध्ये फरसाठी आणलेल्या न्यूट्रिया या दक्षिण अमेरिकी प्राण्याने गवत मुळासकट खाऊन भर घातली. २००२ पासून चाललेल्या नेटाच्या मोहिमेनंतर २०२२ मध्ये हा प्रदेश न्यूट्रियामुक्त जाहीर झाला, आणि काही ठिकाणी नदीतळाचा गाळ पसरून खाजणाची पातळी उंचावण्यात आली. तरी बुडालेल्या जमिनीची भरपाई हवी, म्हणून वन्यजीव खात्याने २०२० मध्ये पीटर्स नेक भागात २,६०० एकर नवी जमीन घेतली. त्याच जमिनीत पुरातत्त्वज्ञांना चिनीमातीची खापरे, खिळे आणि १८०८ चे एक नाणे सापडले. रॉस कुटुंबाच्या घराची जागा मिळाल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. तेही रान आता ओले होत चालले आहे. खणले की पाणी लागते.

मेरिलँडमध्ये गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ रोजी राज्याच्या नव्या घटनेने संपली. त्याआधी, जून १८६३ मध्ये, हॅरिएटने साउथ कॅरोलायनातल्या कोंबाही नदीवर लष्करी मोहिमेला वाट दाखवली आणि ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. तेथेही भातखाचरे आणि दलदलच होती. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा हॅरिएट न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी राहत होती. त्या अर्पणात तिचे नाव नाही, पण ज्या माणसांना ते उद्देशून होते त्यांत ती निश्चित बसते. १० मार्च १९१३ रोजी ऑबर्नलाच तिचे निधन झाले.

संध्याकाळी गाडी केंब्रिजला परतते. येथील न्यायालयाची सध्याची इमारत जुनी जळाल्यावर त्याच आवारात बांधलेली आहे. १८५० च्या डिसेंबरात जुन्या न्यायालयापाशी हॅरिएटची भाची केझाया आणि तिची दोन मुले लिलावाला उभी केली होती. बोली जिंकली ती केझायाचा नवरा जॉन बोली याने. तो मुक्त होता, जहाजांचा सुतार होता, आणि द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. पैसे मागायची वेळ आली तोवर केझाया आणि मुले नाहीशी झाली होती. जॉनने त्यांना ओंडके कोरून केलेल्या होडीतून चॉपटँकच्या पात्रातून उपसागरात काढले आणि बाल्टिमोरला नेले, जिथे हॅरिएट वाट पाहत होती. न्यायालयापासून थोडे चालले की लाँग व्हार्फ लागतो. धक्क्यावरून तेच पात्र समोर दिसते, आणि हिवाळ्यात त्यावरून हंसांच्या रांगा रात्रीच्या मुक्कामाला खाजणाकडे जात असतात.