गोचीड चावली? रॉकेलची बाटली खाली ठेवा

मे महिन्यात गावी आलेली पोरं दिवसभर काजूच्या बागांतून हुंदडतात आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी एखाद्याच्या कानामागे गोचीड चिकटलेली सापडते. मग प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुणी रॉकेल लावायला सांगतं, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी विझवलेली काडी टेकवायला. म्हणजे ती आपोआप सुटेल. यातलं काहीही करू नका. गोचीड तोंड कातडीत रुतवून रक्त पीत असते. अशा उपायांनी ती लगेच सुटत नाही, उलट त्रासली की पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. ती जितका वेळ चिकटून राहील तितका रोगजंतू शरीरात जाण्याचा धोका वाढतो. पोराची कातडी भाजते ते वेगळंच.

निमुळत्या टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरायचाही चालेल. फुगलेलं पोट धरू नका. कातडीला अगदी लागून, तोंडापाशी धरा आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढा. कातडी तंबूसारखी थोडी उचलली जाईल. तरी ओढ तशीच ठेवा, काही सेकंदांत ती सुटते. चिमटा नसेल तर बोटांवर कागद किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काढा. उद्या दवाखान्यात बघू म्हणून रात्र घालवू नका. मग ती जागा आणि आपले हात साबणाने धुवा. गोचीड नखावर चिरडायची सवय अनेकांना असते, ती सोडा. चिकटपट्टीत बंद करून ठेवा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर विष चढतं, असं म्हणत सुईने उकरणारे असतात. तो सहज निघाला तर काढा, नाहीतर कातडीच त्याला हळूहळू बाहेर टाकते. जखम चिघळते ती उकरण्यानेच.

‘चावली असती तर पोरगं रडलं असतं,’ हेही खरं नाही. गोचिडीच्या लाळेत वेदना दाबणारे घटक असतात. शिवाय माकडताप हा गोचिडीतून पसरणारा आजार माणसाला बहुधा पूर्ण वाढ न झालेल्या, जेमतेम मिलिमीटरभर गोचिडीपासून होतो. म्हणून बागेतून आल्यावर केसांची कड, काख, बेंबी, जांघ, गुडघ्याची लवण रोज उजेडात बघायची.

हा माकडताप 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. 2015-16 पासून गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी भागात त्याचे रुग्ण सापडू लागले. नावामुळे लोक माकडाला दोष देतात, पण माकडं स्वतःच या रोगाने मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. मेलेलं माकड दिसलं तर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरातल्या आजारी माणसापासून मात्र तो दुसऱ्याला होत नाही.

गोचीड चावली म्हणून लगेच इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक मागणंही चुकीचं. बहुतेक चाव्यांतून काहीच आजार होत नाही, आणि माकडताप विषाणूचा असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. चाव्याच्या जागी पहिल्या दिवशी आलेली छोटी लाल गाठही घाबरण्यासारखी नसते. लक्ष ठेवायचं ते तापावर, निदान दोन आठवडे. ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ (विशेषतः तळहात-तळपायांवर) किंवा काळी खपली दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर ताप उतरवायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, कारण माकडतापात रक्तस्राव होऊ शकतो. काही रुग्णांत ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, तेव्हा मूल बरं दिसलं तरी गाफील राहू नका.

गोचिडीमुळे होणारा टायफस मात्र जिवाणूंचा असतो आणि डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीने काही आईवडील हे औषध नाकारतात. थोड्या दिवसांच्या उपचाराने दातांवर कायमचे डाग पडत असल्याचं आढळलेलं नाही, आणि या आजारात उशीर जिवावर बेतू शकतो.

सुट्टी संपवून मुंबई-पुण्याला परतल्यावर ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू-मलेरियाच येणार. तपासायच्या आधीच सांगा: कोणत्या गावी होतो, गोचीड कोणत्या तारखेला काढली. आणि ती चिकटपट्टी सोबत न्या.