घरच्या कारखान्यासाठी करवत-यंत्र

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या लष्करातील नया बाजारासारख्या दाट वस्तीत सुतारकामाचा छंद जोपासू पाहणाऱ्या गृहस्थापुढे जागा आणि पैसा या दोन अडचणी उभ्या असतात. प्लायवूडला हातकरवतीने लांब व सरळ काप देणे मोठे कष्टाचे. साहजिकच त्याची दृष्टी टेबलाच्या फटीतून वर आलेल्या फिरत्या पात्याच्या यंत्राकडे, म्हणजे ‘टेबल सॉ’कडे, वळते.

विक्रेता प्रथम मोटरची ताकद सांगतो. वस्तुतः १८०० वॅटांची, सुमारे अडीच अश्वशक्तीची मोटर घरकामास पुरून उरते. मात्र २३० व्होल्टांवर ती ८ अँपियरच्या आसपास प्रवाह ओढते. तेव्हा ६ अँपियरच्या लहान प्लगवर ती न लावता १६ अँपियरचा प्लग व चांगले अर्थिंग यांची सोय आधी करावी.

स्वस्त यंत्राची खरी परीक्षा निराळीच आहे. फळी जिला टेकवून पुढे सरकवावयाची ती पट्टी, म्हणजे फेन्स, पात्याशी समांतर राहते की नाही, हे पाहावे. पात्याचे पुढचे दाते खाली जातात, मागचे वर येतात. पट्टी मागच्या बाजूस पात्याकडे किंचित जरी कलली, तरी फळी मध्ये चेपते, मागचे दाते तिला उचलतात आणि ती विलक्षण वेगाने काम करणाराच्या अंगावर येते. फळीबरोबर हातही पात्यावर ओढला जाण्याचा संभव असतो. यासाठी वीज तोडून एका दात्यावर खूण करावी. तो दाता पुढे असताना आणि पाते फिरवून मागे नेल्यावर, पट्टीपासूनचे अंतर मोजावे. पट्टी सोडून पुन्हा आवळावी व पुन्हा मोजावे. दर वेळी अंतर बदलत असेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, दुकानातच ठेवावे.

पात्यामागे उभी असणारी पातळ पोलादी पाती कापलेली फट मिटू देत नाही. ती व वरचे झाकण नसलेले यंत्र घेऊच नये. काटकसरीसाठी कित्येक जण ४ इंची संगमरवर-कटर फळीखाली उलटा बसवून त्यास लाकडाचे पाते लावतात. तो मिनिटास १२,००० च्या वर फेरे घेतो. १० इंची करवत-यंत्राचे फेरे साधारण ५,००० असतात. दगडासाठी घडलेल्या त्या हत्याराला ना ती पाती, ना लाकडाजोगे झाकण. ही काटकसर बोटांच्या मोलाने होते. हातमोजेही येथे घातक, कारण दाते ते पकडतात. फळी ढकलण्यास लाकडी दांडी हवी.

उरलेला पैसा पात्यावर खर्चावा. रेषेने उभे लाकूड चिरण्यास २४ दात्यांचे, प्लायवूडला ६० दात्यांचे पाते घ्यावे. आणि मधले छिद्र २५.४ मिलिमीटरचे की ३० चे, हे यंत्राशी ताडून पाहावे.