लक्ष्मीबाईंची भीती कशी गेली

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, पण एक मुलगी मागे रेंगाळली. बारावीला आहे. ओढणीखालून वही काढून तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, "ताई, कुणाला दाखवू नका. चुका निघतील, लोक हसतील." रात्री वही वाचली आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. आज त्यांच्याविषयी सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहानपण गेलं ते भीतीत. भीती कसली, तर विटाळाची. वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. आता मीठ धुतल्यावर उरणार किती, ते तुम्हीच सांगा! पुढे अकराव्या वर्षी लग्न झालं, नारायण वामन टिळकांशी. शाळा कधी पाहिली नाही. लिहाय-वाचायला शिकवलं ते नवऱ्याने.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. बायकोला आधी सांगितलंही नाही. त्या काळात याचा अर्थ काय होता, ते ध्यानात घ्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काही वर्षं काढली, रडून रडून जीव अर्धा झाला. मनातलं सांगायचं कुणाला? त्याच दुःखात त्या कविता करू लागल्या.

पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. खाणंपिणं वेगळंच. मग एक दिवस त्या विचार करत बसल्या. माणूस देवाने केला, हे खरं. पण जात देवाने केली का? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं. तेव्हापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधे पाच वर्षं गेली, बरं का. भीती एका रात्रीत जात नाही आणि कुणी हुकूम केला म्हणूनही जात नाही.

बायबलात एक गोष्ट आहे. नाव वादळात सापडते, शिष्य घाबरतात आणि येशू वादळ शांत करतो. ख्रिस्ती श्रद्धेत देव हा बाप आहे. कुणी कुणाला शिवलं म्हणून तो रागावत नाही. मीठ धुणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे किती मोकळं करणारं वाटलं असेल!

१९१९ साली टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं. शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. आठवणी लिहायला त्यांना मुलगा देवदत्त याने लावलं. त्या 'संजीवनी' साप्ताहिकात छापल्या आणि १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं, तसं ते पुस्तक आहे. वडिलांचं वेड, नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःच्या फजित्या, काही लपवलेलं नाही. लोक हसतील याची भीती त्यांना राहिली नव्हती. उलट त्या आधी आपणच हसून घेतात.

तर त्या मुलीच्या वहीचं काय झालं? मी चुका काढल्या नाहीत. त्या नंतर काढता येतात. आजीच्या जात्यावर तिने दोन पानं लिहिली आहेत, ती मला फार आवडली, एवढंच तिला सांगितलं. आणि 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. येत्या बैठकीत ती दोन पानं आपल्याला वाचून दाखवणार आहे. आजीलाही घेऊन येते म्हणाली.