पंगतीतला श्लोक

स्वीडनमधल्या उप्साला आणि लुंड या जुन्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मेजवानीला गाण्यांची पुस्तिका लागतेच. टोस्टमास्टर गाणे पुकारतो, सगळे गातात आणि मगच पेले उचलून ‘स्कोल’ म्हणतात. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या मराठी माणसाला हे ऐकून पंगत आठवेल. मद्य वगळले, तर रीत बरीचशी ओळखीची आहे.

१९३३ पर्यंत हा भाग रेसिडेन्सी बाजार म्हणून इंग्रजांकडे होता. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्याने नोकरी, वकिली, शिक्षण यांसाठी मराठी घरे इथे आली. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली. घरांबरोबर मुंजी-लग्नांतली पंगतही आली.

पाट मांडायचे, पुढे केळीचे पान, शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभात. त्यावर तूप पडेपर्यंत कोणी हात लावत नाही. मुंज झालेले पुरुष चित्राहुती घालतात, आपोशन घेतात. मग एखादे वडीलधारे ‘पार्वतीपते’ म्हणतात, सारी पंगत ‘हर हर महादेव’ म्हणते, यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ सांगतात आणि पहिला घास उचलला जातो.

श्लोकाची वेळ त्यानंतरची. पहिला भात संपत आलेला असतो, वाढपी पुढचे वाढप घेऊन निघालेले असतात. कोणीतरी खड्या आवाजात सुरू करतो. रामदासांचे मनाचे श्लोक, वामनपंडितांचे श्लोक, मोरोपंतांच्या आर्या, ज्याला जे पाठ असेल ते. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे चार चरण आणि प्रत्येक चरणात बारा अक्षरे. वृत्ताची चाल ठरलेली असल्यामुळे गळा बेताचा असला तरी अडत नाही, आणि म्हणणारा विसरला तर शेजारचा पुढचा चरण उचलतो. श्लोक संपला की म्हणणारा ‘सीताकांतस्मरण’ पुकारतो आणि पंगत ‘जय जय राम’ने उत्तर देते. मग समोरच्या रांगेतून दुसरा सुरू होतो. मुलांना तर आग्रहाने म्हणायला लावतात. चार अनोळखी माणसांसमोर आवाज काढायची सवय कित्येकांना इथेच लागली, आणि मला पंगतीचे हे सर्वांत मोठे देणे वाटते.

श्लोकाचे दुसरे काम जेवणाचा वेग सांभाळण्याचे. श्लोक चालू असताना वाढपी रांगेच्या टोकापर्यंत पोहोचतात, म्हाताऱ्यांना उसंत मिळते, जिलबीचा आग्रह करायला यजमानाला वेळ मिळतो. बुफेत प्रत्येक जण आपापली ताटली घेऊन कोपऱ्यात उभा राहतो, तिथे श्लोक म्हणणार कोणासाठी? म्हणून घरच्या कार्यात वीस-पंचवीस माणसांची का होईना, एक पंगत बसवावी. दोघांना आधी सांगून ठेवावे आणि पहिला श्लोक मोठ्यांनी म्हणावा; तो झाला की मुले मागे राहत नाहीत.

शेवटी ताकभात, उत्तरापोशन, ‘अन्नदाता सुखी भव’. सगळ्यांचे होईपर्यंत कोणी उठत नाही. उठल्यावर हात धुऊन विडा.